कोंगावर स्लॅप निघत नाही, बोटं सुजतायत, रुडिमेंट्स करू का? (उत्तर लांबलंय, वेळ काढून वाचा)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे: चार-पाच महिने व्हिडिओ बघून एकटेच कोंगा (हाताने वाजवायचा उंच क्युबन ड्रम) शिकताय, ओपन टोन (मोकळा, घुमणारा स्वर) "ठीक येतो", बेस (खोल आवाज) येतो, पण स्लॅप (कोरडा, तीक्ष्ण फटका) काही केल्या फुटत नाही, जोर लावला तर उजव्या हाताची मधली दोन बोटं सांध्यापाशी सुजतात, तुम्बाओ (कोंगाचा नेहमीचा मूळ ठेका) हळू वाजतो पण वेग वाढवला की सगळे आवाज सारखेच यायला लागतात. त्यात कुणीतरी सांगितलंय की ड्रमसेटवाले करतात ते रुडिमेंट्स (ठोक्यांचे ठरलेले छोटे सराव) रोज तासभर घोटा, सगळं सुटेल. तर ते करू का, आणि दुसरा ड्रम घेऊ का.

आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं मागून. रुडिमेंट्स करायचे, पण आत्ता तासभर नाही, आणि ड्रमसेटवाले करतात तसे तर नाहीच. दुसरा ड्रम एवढ्यात नको. आणि तुमचा खरा प्रॉब्लेम स्लॅप नाहीये. ज्याला तुम्ही "ठीक येतो" म्हणून मागे टाकून पुढे गेलात ना, तो ओपन टोन, गाडी तिथे अडकलीय. सूज, न फुटणारा स्लॅप आणि वेगात होणारा गोंधळ, तिन्ही एकाच घरची पोरं आहेत.

न ऐकता, न बघता हे कसं सांगतो म्हणाल, तर तुमच्या सुजेवरून. ओपन टोन नीट पडत असेल तर ड्रमच्या काठावर तळहाताचा वरचा भाग येतो, बोटं जिथून सुरू होतात ती गादीची रांग. बोटाचा मधला सांधा काठाला लागायचं काही कारणच नाही. तुमचा तो लागतोय म्हणजे हात पुरेसा पुढे जात नाहीये, दीड-दोन इंच मागेच पडतोय, आणि प्रत्येक टोनला सांधा काठावर आपटतोय. हळू वाजवताना कळत नाही. स्लॅपसाठी जोर लावला की कळतं, म्हणून तुम्हाला वाटतंय की स्लॅपमुळे सूज येतेय.

आता काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. कातडं खरं आहे की सिंथेटिक, ड्रम किती ताणलेला आहे, खुर्ची किती उंच, तुमचा पंजा केवढा. लहान पंजाच्या माणसाचा हात आणि मोठ्या पंजाच्या माणसाचा हात काठावर एकाच रेषेत बसणार नाही, त्यामुळे मी जे जे सांगतोय ते बोटभर इकडेतिकडे करून घ्यायचं. डावखुरे असाल तर उजवा-डावा उलटा करा, नाहीतर नका करू, दोन्ही प्रकारचे चांगले वाजवणारे असतात. (बाय द वे तुम्ही "कोंगो" लिहिलंय, बरेच जण तसंच म्हणतात, मला काही वाटत नाही. क्युबात याचं नाव तुम्बादोरा.)

हाताआधी ड्रम बघा

हे मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगतो कारण मी स्वतः यात तीन आठवडे घालवलेत. पावसाळी हवेत खरं कातडं ओल धरतं आणि ढिलं पडतं, माझा ड्रम असाच हळूहळू उतरत गेला आणि मी रोज हाताला दोष देत बसलो, कोपर बदल, मनगट बदल, यूट्यूबवर अजून एक व्हिडिओ बघ. शेवटी एका जुन्या वादकाने येऊन कातड्यावर अंगठा दाबला आणि न बोलता पाना मागितला. दहा मिनिटांत ड्रम वर चढवला, आणि माझा "हरवलेला" स्लॅप अर्धा तिथेच परत आला. ढिल्या कातड्यावर स्लॅप काढायला मुरलेल्या वादकालाही त्रास होतो, शिकणाऱ्याचं तर सोडूनच द्या.

बरेच जण कोंगा म्हणजे मधला ड्रम सी ला लावतात आणि मोठा, तुम्बा, त्याच्या खालच्या जी ला. तुमच्याकडे एकच असेल तर सी च्या आसपास ठेवा, अगदी काटेकोर नको. बोल्ट पाव-पाव वळसा, गोल फिरत, एकच बोल्ट एकदम आवळायचा नाही. प्रत्येक बोल्टासमोर काठाजवळ टिचकी मारून स्वर सारखा येतोय का बघायचं. खरं कातडं असेल तर वाजवून झाल्यावर थोडं सैल करून ठेवा. आपल्याकडे बोल्ट तरी आहेत, पूर्वी कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं आणि वाजवायच्या आधी विस्तवाजवळ धरून ताणायचे. बोल्टवाल्या कोंगाचं श्रेय बहुतेक वेळा क्युबाचा कोंगावादक पतातो वाल्देस याला दिलं जातं, तो ड्रम सुरात लावून त्यावर चक्क चाली वाजवायचा.

बसण्याचं पटकन सांगतो. ड्रम साधारण ३० इंच उंच असतो, आपण घेतो ती खुर्ची बहुतेक वेळा बुटकी पडते, मग खांदे वर चढतात, मनगट मागे मोडतं, आणि बोटं काठावर आपटतात. कोपरापासून पुढचा हात जवळजवळ आडवा, कातड्याच्या किंचित वर, एवढं झालं पाहिजे. नाही होत तर खाली काहीतरी घाला. ड्रम गुडघ्यांत धरून जरासा पुढे कलता ठेवा म्हणजे खालचं तोंड उघडं राहतं. ते जमिनीला चिकटलं की बेस घुसमटतो. अंगठ्या काढा. हे सांगावं लागतं, खरंच.

ओपन टोन, पुन्हा पहिल्यापासून

चार बोटं जवळजवळ, पण एकमेकांना आवळून धरलेली नाहीत. अंगठा वर आणि बाजूला, तो कधीही काठाला लागता कामा नये, त्याच्या मुळाशी बसलेला फटका महिनाभर लक्षात राहतो. हात सपाट. ती गादीची रांग काठावर, बोटं पूर्ण कातड्यावर, चारही एकाच वेळी. आणि पडल्या पडल्या परत, ओल्या रंगाला चुकून हात लागल्यासारखा. उचलायचा वेगळा प्रयत्न करायचा नाही, ताणलेलं कातडं हाताला स्वतःच वर फेकतं, तुम्ही फक्त अडवू नका.

आवाज कसा हवा, तर "टप" नाही, "टूंऽऽ". स्वर ऐकू आला पाहिजे, एक मारून थांबलात तर तो विरताना ऐकू आला पाहिजे. कोरडा आणि लगेच मेलेला येत असेल तर बोटं चिकटून राहतायत. स्वराच्या आधी "तर्रक" असा बारीक आवाज येत असेल तर बोटं एकामागोमाग पडतायत. आणि स्वरात खालून घुमारा मिसळत असेल तर हात फार आत गेलाय.

तुमचा ओपन खरंच "ठीक" आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. फोन समोर ठेवून रेकॉर्ड करा. उजव्याने वीस, डाव्याने वीस, मग मनाला येईल तसे मिसळून चाळीस. दुसऱ्या दिवशी, हो दुसऱ्याच दिवशी, डोळे मिटून ऐका. मिसळलेल्या चाळीसात कुठला हात कुठला ते तुम्हाला ओळखता आलं तर ओपन टोन अजून व्हायचाय. माझा पहिल्या वर्षी डाव्या हाताचा ओपन इतका वेगळा होता की जणू दुसराच ड्रम आणून ठेवलाय. आणि मला वाजवताना तो अजिबात ऐकू यायचा नाही कारण मी हाताकडे बघत होतो, डोळ्याला दोन्ही हात सारखे दिसत होते.

बेस आणि मफल यावर जास्त लिहीत नाही. बेस म्हणजे पूर्ण तळवा मध्यभागी, वजनाने पडतो आणि उठतो, इथे कातड्याबरोबर पिंपातली हवा बोलते म्हणून तो खोल येतो. मफल म्हणजे ओपनच, फक्त बोटं पडून तिथेच दाबून राहतात. ओपन सुधारला की मफल फुकटात येतो.

टाच आणि बोटं

याकडे सगळे दुर्लक्ष करतात कारण यात आवाज नाही, मजा नाही. तळहाताची टाच, मनगटाजवळचा गुबगुबीत भाग, कातड्यावर टेकवायची, मग बोटं टेकवायची, मग टाच, मग बोटं. हात झोपाळ्यासारखा पुढेमागे. मारायचं नाही. क्युबन लोक याला मानोतेओ म्हणतात आणि तुम्बाओची अर्धी जागा हेच भरतं. ऐकणाऱ्याला ते जेमतेम ऐकू येतं, पण लय तिथे चालू असते, ओपन आणि स्लॅप वरून येऊन बसतात.

मला विचाराल तर सैल हात म्हणजे काय हे हाताला इथेच कळतं. डाव्याने एकट्याने पाच मिनिटं टाच-बोटं करून बघा, दुसऱ्या मिनिटाला दंड भरून आला तर तुम्ही खांद्यातून ढकलताय. थांबा, हात खाली सोडून झटका, परत. उजव्यानेही करा. तुम्बाओत उजव्याला हे लागत नाही म्हणून लोक करतच नाहीत आणि पुढे रोल (सलग वेगवान ठोके) शिकताना अडकतात.

आता स्लॅप

पहिली गोष्ट, स्लॅप म्हणजे जोरात मारलेला ओपन नाही. तो वेगळ्या आकाराच्या हाताने मारलेला, तेवढ्याच जोराचा फटका आहे. ओपनमध्ये हात सपाट असतो, बोटं लांबभर लागतात, कातड्याचा मूळ स्वर उठतो. स्लॅपमध्ये हात किंचित वाटीसारखा होतो, बोटांची टोकं तेवढी क्षणभर कडक लागतात, त्यामुळे वरचे तीक्ष्ण स्वर उठतात आणि खालचा स्वर दबतो. ते "टाक्" जे आपल्याला हवं असतं ते या दबण्यातून येतं. जोर वाढवून खालचा स्वर दबत नाही, उलट तोही वाढतो, म्हणून तुमचा स्लॅप जोर लावल्यावर मोठा होतो पण स्लॅप होत नाही.

शिकवणारे हे दोन-तीन प्रकारे सांगतात, कुणी हात जरा वाकडा धरायला सांगतं, कुणी सरळ. मी बंद स्लॅपपासून सुरू करतो. डावा हात कातड्यावर मध्याच्या आसपास सपाट टेकवून ठेवायचा, नुसता, दाबायचा नाही. त्याने कातडं आधीच थोडं दबलेलं असतं, तुमचं अर्धं काम झालं. आता उजवा हात फक्त चार बोटं उंचीवरून. काठावर तोच भाग टेकणार जो ओपनला टेकतो. बोटं इतकी सैल की हात काठावर थांबला की ती मागून येऊन पडतील, चाबकाचा शेंडा येतो तशी. पडली की तिथेच राहू द्या, कातडं मुठीत धरल्याचा भास झाला पाहिजे. आवाज लहान येईल, येऊ द्या. लहान पण कोरडा "टक्" मिळाला की तो स्लॅप आहे, मोठा तो नंतर आपोआप होतो.

माझ्याकडे एक बाई शिकायला यायच्या, तिचा... म्हणजे त्यांचा उजवा स्लॅप मस्त, डावा शून्य. दोन महिने मी तेच तेच सांगत होतो, सैल सोडा, सैल सोडा. सैल सोडा म्हणून कुणाचा हात सैल पडत नाही हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मग एक दिवस मी बाजूला बसून नुसता डावा हातच बघत राहिलो. हात वर जाताना ठीक, खाली येताना अंगठा हळूच आत यायचा आणि पहिल्या बोटाला चिकटायचा. बस, एवढंच. अंगठा चिकटला की पंजाचा तो पूर्ण कडेचा भाग ताठ होतो, तुम्ही आत्ता करून बघा, अंगठा बोटाला दाबा आणि मग बोटं हलवायचा प्रयत्न करा. त्यांना मी सांगितलं की अंगठा वर खांद्याकडे दाखवत वाजवा, दिसायला विनोदी दिसलं तरी चालेल. त्या दिवशी आठ-दहा मारल्यावर एक नीट पडला, दोघांनीही ऐकला, त्या थांबल्या आणि हाताकडे बघत बसल्या. नंतर परत दहा फुकट गेले आणि एक पडला. हे असंच होतं, आधी दहात एक, मग दहात तीन, एका रात्रीत दहात दहा कुणाचे होत नाहीत.

तर तुम्ही अंगठा बघा. मग कोपर, अंगाला चिकटलंय का की पंखासारखं बाहेर गेलंय, दोन्ही नको. मग उंची.

आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन तो व्यायाम: एकाच हाताने ओपन, स्लॅप, ओपन, स्लॅप. मेट्रोनोम ६० वर, दर ठोक्याला एक. उंची तीच, जोर तोच, फक्त हाताचा आकार बदलतो. दोन मिनिटं उजवा, तीन मिनिटं डावा, डाव्याला एक जास्त. यात दोन्ही आवाज वेगळे ऐकू येत असतील तरच ६४ करा, मग ६८. मिसळायला लागले की दोन पायऱ्या खाली. कंटाळवाणं आहे, मान्य.

रुडिमेंट्सचं काय

ज्यांनी तुम्हाला सांगितलं ते चूक नाहीत, अर्धं सांगितलं. ड्रमवाल्यांची ४० रुडिमेंट्सची जी यादी आता सगळीकडे चालते ती पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ मध्ये पक्की केली, आणि ती काठीने वाजणाऱ्या स्नेअर ड्रमसाठी आहे. काठी उसळते. डबल स्ट्रोकमध्ये (एकाच हाताचे लागोपाठ दोन ठोके) दुसरा ठोका बराचसा त्या उसळीतून येतो. हाताला काठीएवढी उसळी मिळत नाही. त्यामुळे कोंगावर उजवा-उजवा-डावा-डावा वाजवायचं तर दोन्ही ठोके मनगटातून काढावे लागतात, किंवा पहिला टाचेने आणि दुसरा बोटांनी. हे दुसरं जे आहे तेच पुढे वेगवान रोलचं मूळ. पोर्तो रिकोचा जिओव्हानी हिदाल्गो, याने स्नेअरचे रुडिमेंट्स कोंगावर आणून काय करता येतं ते दाखवलं, त्याचं वाजवणं बघितलं की वाटतं हात तीन आहेत. पण त्याच्या मागे क्युबाचा वादक चांगितो याची शिकवण आहे, ती "मानो सेक्रेता", म्हणजे गुपित हात, आणि त्यात डाव्या हाताच्या त्याच टाच-बोटांचा खेळ आहे. म्हणजे फिरून आपण झोपाळ्यावरच आलो.

मी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी चारच देतो. सिंगल (हात आलटून पालटून), डबल, पॅराडिडल आणि टाच-बोटं रोल. फ्लॅम नंतर कधीतरी. पण प्रत्येक रुडिमेंट आवाज बदलून. पॅराडिडल घ्या:

उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा.

आधी सगळे आठ ओपन. इथेच बऱ्याच जणांची वाट लागते कारण लागोपाठचे दोन उजवे सारखे येत नाहीत, दुसरा पडतो तो कसाबसा. ते जमलं की सगळे आठ बंद स्लॅप. मग दोन्ही गटांतला पहिला ठोका स्लॅप आणि बाकी सगळे बोटांच्या टोकांनी नुसते टेकवलेले. मग पहिला ओपन, बाकी टेकवलेले. मग सर्वात अवघड, पहिला ओपन, दुसरा टेकवलेला, शेवटचे दोन स्लॅप. हाताचा क्रम एकच, पण पाच वेगळे व्यायाम झाले. काठीवाल्याला फक्त कुठला हात आणि किती जोर हे सांभाळायचं असतं, आपल्याला कुठला हात, किती जोर आणि कुठला आवाज. तुम्ही आवाज वेगळे व्हायच्या आधीच तासभर पॅराडिडल घोटलेत तर हाताला वेग येईल, आणि एकसारख्या थपथपाटाची सवय त्या वेगासकट पक्की होईल. मग ती मोडायला जास्त वेळ लागतो, हे मी स्वतःवरून सांगतोय. मी दीड वर्ष असाच वाजवत होतो आणि एका कार्यक्रमानंतर साउंडवाल्याने सरळ विचारलं, दादा तुम्ही स्लॅप वाजवत होता का मधे, मला बाहेर काहीच वेगळं ऐकू आलं नाही. राग आला होता. दोन दिवसांनी रेकॉर्डिंग ऐकलं, बरोबर होता तो.

तुम्बाओ का कोसळतो

आठ जागा धरा, एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि.

एक: डावी टाच. आणि: डावी बोटं. दोन: उजवा स्लॅप. आणि: डावी बोटं. तीन: डावी टाच. आणि: डावी बोटं. चार: उजवा ओपन. आणि: उजवा ओपन.

मोजून बघा, उजव्याला फक्त तीन ठोके, डाव्याला पाच. म्हणजे गाडी डावा चालवतो. तुम्ही वेग वाढवता तेव्हा लक्ष असतं स्लॅपवर आणि ओपनवर कारण ते ऐकू येतात, आणि डावा मागून फरफटत येतो. दोनच्या नंतर डावी बोटं नुसती टेकवून लगेच टाच यायची असते, तिथे हात हमखास अडखळतो. तर उपाय हा की उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि नुसत्या डाव्याने तुम्बाओ वाजवायचा, उजव्याच्या जागा रिकाम्या सोडून, तोंडाने "टाक्" आणि "टूं-टूं" म्हणत. तीन-चार मिनिटं असं न ढळता गेलं की उजवा आणा.

दुसरी चूक म्हणजे शेवटचे दोन ओपन ऐकून त्यांनाच "एक" समजणं. ते चारवर आहेत, आपल्याला पुढच्या एकवर ढकलत नेतात. एकवर तर ऐकू येण्यासारखं काही नाहीच, एक टाच आहे फक्त. सवय व्हायला वेळ लागतो, पाय आपटून एक धरा.

सूज

आत्ता सूज आहे तोवर वाजवू नका. चार-पाच दिवस पूर्ण बंद, बर्फ लावा. तळहाताला घट्टे पडणं, लाल होणं, वाजवल्यावर हात गरम आणि झिणझिणणं हे चालतं. सांध्यात दुखणं चालत नाही, सुन्नपणा रात्रीपर्यंत राहणं चालत नाही. आठवड्याने परत दुखलं तर हाताच्या डॉक्टरला दाखवा, मी ड्रमवाला आहे. आणि अजून एक, फार कमी जणांना माहीत असतं म्हणून लिहितो: खूप वेळ खूप जोरात हाताने वाजवल्यावर लघवी लालसर-तपकिरी होऊ शकते, फटक्यांनी हातातल्या रक्तपेशी फुटतात म्हणून. पहिल्यांदा दिसलं की माणूस घाबरतो. वाजवणं थांबवा, पाणी प्या आणि डॉक्टरकडे जाच, "वादकांना होतं असं" म्हणून घरी बसू नका.

रोजचं विचाराल तर अर्धा तास पुरे. पाच मिनिटं टाच-बोटं, दहा मिनिटं नुसता ओपन, त्यात अर्धा डावा. दहा मिनिटं ओपन-स्लॅप. उरलेले पाच तुम्बाओ, त्यातही निम्मा वेळ डाव्या हाताचा. तीन-चार आठवड्यांनी ती चाळीस ठोक्यांची परीक्षा पास झालात तर ओपनमधली पाच मिनिटं काढून पॅराडिडलला द्या. आठवड्यातून एकदा रेकॉर्डिंग.

दुसरा ड्रम

दुसऱ्या ड्रमची घाई समजते, व्हिडिओत सगळ्यांसमोर तीन-तीन दिसतात. पण रुम्बात (क्युबन लोकसंगीतात) तीन ड्रमला तीन माणसं असतात, तुम्बा एकाकडे, मधला एकाकडे, आणि वरचा बारीक किंतो तिसऱ्याकडे, जो मनाला येईल तसं बोलत असतो. खालच्या दोघांचं काम म्हणजे तेच तेच, तासन्‌तास, आवाज न बिघडवता. १९४० च्या सुमारास क्युबाच्या आर्सेनियो रॉद्रिगेझने आपल्या बँडमध्ये कोंगा घेतला तोही एकच. एका माणसाने दोन-तीन ड्रम घेऊन बसणं नंतरचं, त्यात क्युबाच्याच कांदिदो कामेरोचं नाव पहिल्यांदा घेतात. एका ड्रमवर माणूस किती बोलू शकतो हे ऐकायचं असेल तर क्युबन कोंगावादक ताता गुइनेसचे सोलो ऐका, पठ्ठ्या नखांनीसुद्धा वाजवायचा.

माझा हिशोब असा आहे: मेट्रोनोम १२० वर, दर ठोक्याला दोन हात, तुम्बाओ सलग पाच मिनिटं, आणि पाचव्या मिनिटाचा स्लॅप पहिल्या मिनिटाइतकाच वेगळा. तेव्हा तुम्बा घ्या. आणि घेतल्यावर त्यावर लगेच फिरकी-बिरकी वाजवायची नाही, आधी क्लावे (पाच ठोक्यांचा मूळ क्युबन ठेका, एका बाजूला तीन, दुसरीला दोन) टाळीने शिकायचा, आणि मग क्लावेच्या तीनच्या बाजूचा जो दुसरा ठोका असतो, बोम्बो म्हणतात त्याला, दोन-नंतरचा "आणि", त्या एका जागी तुम्बावर एक ओपन टाकून परत पहिल्या ड्रमवर यायचं. बाकी काही नाही. त्या एका ठोक्यासाठी हात दुसऱ्या ड्रमवर जाऊन येताना डाव्याची टाच-बोटं थांबली तर मला परत लिहा, तेव्हा बघू.